आमटीत मीठ नही

माझ्या शर्टाच्या खिशाला आतल्या बाजूने कायम एक टाचणी टोचलेली असते. धुणं भिजवताना बायको ती आठवणीने काढते, आणि काढताना एकदा तरी बोटात टोचून घेते. ही टाचणी म्हणजे माझं मुख्य हत्यार. वायफायच्या प्रत्येक डब्याला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून थोडा वेळ दाबून धरली की डबा सगळं विसरतो. नाव, पासवर्ड, मालक, सगळं. कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. मग मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याला पहिल्यापासून शिकवतो. तंजावरात आणि आसपासच्या गावांत मी अनेक वर्षं हेच करत आलो आहे. आता मान दुखते, डोळ्यांना पाणी येतं, आणि मी शिकवलेलं लोक आठवड्यात बिघडवून ठेवतात.

मराठी लिहायला मी उशिरा शिकलो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा तमिळ आणि हिशेब इंग्रजी. बायको सोलापूरची. तिने लग्नानंतर मला बाराखडी गिरवायला लावली. हा लेखही तिने तपासला आहे. लोकांची बोलणी मात्र मी तिला सुधारू दिली नाहीत. आम्ही 'आहे'ला 'अहे' म्हणतो, 'नाही'ला 'नही'. ते तसंच राहू दे म्हटलं.

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ते दोन भागांचं आहे. पहिला भाग, आत कोणाला घ्यायचं ते ठरवणं. त्यासाठी पासवर्ड. दुसरा भाग, घेतलेल्या माणसाशी डबा जे बोलतो ते वाटेत दुसऱ्या कुणाला कळू न देणं. त्यासाठी ते बोलणं आकड्यांनी पार घुसळून टाकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला नुसता कचरा ऐकू येईल. फोनची तार भिंतीतून जाते, तिच्यापर्यंत पोचायला भिंत फोडावी लागते. वायफाय हवेतून जातं. ते खिडकीतून बाहेर पडतं, रस्ता ओलांडतं, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवरूनही जातं. कंपाउंडची भिंत त्याला दिसत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत घुसळण्याची रीत कच्ची होती. किल्ली सव्वीस अक्षरांची, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्यातूनच घेतलेली. दिसायला भयंकर. पण डबा तीच घुसळण पुन्हा पुन्हा करायचा. रस्त्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाने पुरेसा कचरा गोळा केला तर त्यातून तो थोड्या वेळात किल्ली काढू शके. नंतर पक्की रीत आली. तिच्यात घुसळण सतत बदलते. अडचण अशी की जुन्या मशीनला नवी रीत येत नाही. घरात असा एक जरी लॅपटॉप असला तरी त्याच्यासाठी अख्खं घर कच्च्या रीतीवर ठेवावं लागे. मी हे गिऱ्हाइकांना इतक्या वेळा समजावलं आहे की आता तमिळमध्ये झोपेतही सांगू शकेन.

गिऱ्हाइकं ऐकून घेतात आणि आपलंच करतात. पापनाशमला एका भातगिरणीच्या मालकाने डब्याला आपल्या स्वर्गवासी वडिलांचं नाव दिलं होतं. मी पासवर्ड घालायला लागलो तर त्याने माझा हात धरला.

"सार, अप्पांच्या नावाशेजारी कुलपाचं चित्र दिसतंय. बघणारा काय म्हणेल? अप्पांनी जन्मात कुणाला दारातून परत पाठवलं नाही."

मी उघडं ठेवून परत आलो. पंधरवड्यात बसस्टॉपवरची कॉलेजची सगळी पोरं गिरणीच्या भिंतीला टेकून उभी राहायला लागली, आणि मालकाची स्वतःची मेल जाईना. त्याने मला पुन्हा बोलावलं. "कुलूप घाला. पण आधी नाव बदला." नवं नाव कुणाचं ठेवू विचारलं, तर म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं घाला. त्याच्या नावाला कुलूप शोभतं."

तर अशी माणसं. पण मला सांगायचं आहे ते आमच्याच माणसांचं.

मेडिकल कॉलेजच्या बाजूला एका वसाहतीत गोपाळराव वकील राहत. नात्याने माझे कुणी नाहीत, पण तंजावरातल्या मराठी घरांत वडील माणसाला मामाच म्हणायचं, म्हणून मी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, मामी म्हणत असे. दोन मजली सिमेंटचं घर. वर हे दोघं. खाली भाड्याने सेल्वी म्हणून एक तमिळ विधवा आणि तिची मुलगी. सेल्वी ब्लाउज शिवायची. लग्न होऊन याच घरात आली, याच घरात नवरा गेला, मुलगी इथेच वाढली. ती दिवसातून चारदा तरी वर येई. मामींचं माप घ्यायला, गच्चीवर मिरच्या वाळत घालायला, मामींच्या गुडघ्याला तेल चोळायला. मामींना तिच्याशिवाय करमत नसे. हेही खरं, आणि पुढचंही खरं.

त्या वर्षांत बंगळूरला नोकरीला गेलेल्या मुलांनी आईबापांच्या घरी ब्रॉडबँड बसवायचा सपाटा लावला होता. आमच्या लहानपणी फोनसाठी अर्ज करून लोक म्हातारे होत, आणि आता फोन करून बोलवावं तर माणूस डबा घेऊन दारात. मामांच्या मुलानेही तसंच केलं, वर स्वतःचा जुना लॅपटॉप वडिलांना दिला. तो जुना, म्हणून मी पहिल्या खेपेला नाइलाजाने कच्ची रीत लावून आलो होतो.

काही महिन्यांनी मामांचा फोन. आवाज कोर्टातला.

"मुरली, आमचं नेट फुटलंय."

मी गेलो. मामी मधल्या खोलीत हात पसरून उभ्या, सेल्वी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या बाहीला टाके मारतेय, आणि मामा तिच्या डोक्यावरून माझ्याशी मराठीत बोलतायत. मुलगा परत येतो म्हणतोय, खालची जागा त्याला पाहिजे, सेल्वीला काढायची. सरळ सांगितलं तर ती जायची नाही. म्हणून मामांनी बेत केला की इंजिनीअर आणून घर दुरुस्तीला आलंय असं लिहून घ्यायचं आणि त्या निमित्ताने जागा रिकामी करून घ्यायची. तर ज्या सकाळी इंजिनीअर आला, त्या सकाळी खाली भाडेकरू संघाचा माणूस कॉफी पीत बसलेला.

"तिला कसं कळलं? मी कुणालाही सांगितलं नही. पोराला मेल केली, आणि हिला बोललो. बस्स."

"मामा, हळू," मी म्हणालो आणि डोळ्यांनी सेल्वीकडे दाखवलं.

मामा हसले. "अरे, तिला काय कळतंय? आपली भाषा म्हणजे देवानं घालून दिलेलं कुलूप. या अख्ख्या रस्त्यात आपण सोडून कुणास मराठी येतंय?"

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, म्हणजे आम्हां लोकांची सवय कळेल. बाजारात वांगी घेताना भाव जास्त वाटला की आम्ही आपसांत मराठीत बोलतो. पाहुणा लवकर उठावा असं वाटलं की त्याच्या देखत मराठीत बोलतो. मोलकरणीबद्दल तिच्या समोर बोलतो. माझी आई बोलायची, मीही बोललो आहे. तीनशे वर्षं आम्ही या गावात ही रीत वापरत आलो आणि ती पक्की समजत आलो.

मामांचा संशय मला खोटा वाटला नाही. कच्ची रीत मीच लावली होती, आणि ती फुटू शकते हे मला माहीत होतं. मी लॅपटॉपला नवं कार्ड घातलं, डब्याचा आतला प्रोग्रॅम नवा केला, पक्की रीत लावली. पासवर्ड मोठा पाहिजे म्हटलं. आठ अक्षरांपासून त्रेसष्टपर्यंत काहीही चालेल, पण कुणाला सुचू नये असा.

"मराठीच ठेव," मामा म्हणाले. "डबल कुलूप."

मामी हात पसरून उभ्याच होत्या. म्हणाल्या, "रोज जेवताना म्हणतात तेच ठेव. आमटीत मीठ नही."

"नसतंच की!"

"नसतंय तर वाढून घेवा. हात अहे न्हवं?"

मी इंग्रजी अक्षरांत तेच टाइप केलं. सेल्वी टाके मारत होती. माझी टाचणी वाकली होती, ते बघून तिने तोंडातली एक काढून, पदराला पुसून माझ्यापुढे धरली. मी घेतली.

महिना झाला नसेल, मामांचा पुन्हा फोन. या खेपेला त्यांनी घर रिकामं करण्याची नोटीस लिहिली होती. मुलाला मेलने दाखवली, मामींना वाचून दाखवली, पाठवणार दुसऱ्या दिवशी. त्याच्या आदल्या संध्याकाळी सेल्वी वर येऊन म्हणाली, "सार, मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष अहे, तोवर तरी आम्हांस हलवू नका," अर्थात तमिळमध्ये. नोटीस अजून मामांच्या टेबलावर.

मी पोचलो तेव्हा मामांनी एक कागद टाइप करून तयार ठेवला होता. खालच्या भाडेकरणीच्या मुलीने आमच्या वायरलेस यंत्रणेत बेकायदा शिरकाव करून खाजगी पत्रव्यवहार वाचल्याचं मला तपासात आढळलं, अशा अर्थाचा. खाली माझं नाव, सहीची रेघ.

"मामा, मी अजून डबा उघडला नाही."

"उघड. मग सही कर. हा कागद पोलिसांत गेला की जागा आठवड्यात रिकामी. नर्सिंगची पोर अहे, पोलीस म्हटल्यावर आई धावत जाईल."

मी डबा उघडला. त्यात कोण कोण आलं ते दिसतं. प्रत्येक मशीनला बारा आकडी-अक्षरी पत्ता असतो, तो लपत नाही. लपवणारा लपवतो, पण त्याला माझ्यापेक्षा जास्त कला लागते. सगळ्या नोंदींत दोनच पत्ते. एक मामांचा लॅपटॉप, दुसरा मुलाचा, तो पोंगलला आला होता तेव्हाचा. तिसरा कुणीही नाही. चुकीचा पासवर्ड घालून पाहिल्याचीही नोंद नाही. मी पुन्हा पाहिलं. मग सारखं बोलून आणि धुळीने माझा घसा धरला, म्हणून मी आतल्या दिशेला बघत मराठीत म्हणालो, "मामी, थोडं पाणी. फ्रिजचं नक्को, घसा बसलाय. माठातलं."

मामी देवापुढे बसल्या होत्या. सेल्वी मिरच्या भरलेलं सूप घेऊन गच्चीकडे चालली होती. तिने सूप खाली ठेवलं, फ्रिजच्या पुढून गेली, माठातलं पाणी गडव्यात घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मग सूप उचलून वर गेली.

मामा कागदावरचं एक वाक्य दुरुस्त करत होते. त्यांनी काही पाहिलं नाही. इतक्या वर्षांत तिने असं किती वेळा केलं असेल आणि किती वेळा कुणी पाहिलं नसेल, असं मला वाटलं.

खाली सिग्नल किती पोचतो ते मोजायला पाहिजे असं सांगून मी खाली उतरलो. ते खोटं नव्हतं. सेल्वी गच्चीवरून मागच्या जिन्याने आली. शिवणयंत्राजवळ लॅपटॉप ठेवून मी आकडे पाहिले. सिग्नल चांगला भरपूर होता. मग मी मराठीत विचारलं, "तुम्हांस सगळं कळतंय?"

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नाही बघून म्हणाली, "कळतंय." आणि थोडं थांबून, "बोलायलाही येतंय."

मी लॅपटॉप मिटला. मामींचंच मराठी, तोच हेल, तेच जुने शब्द. माझ्या दोन्ही मुलांना मराठी कळतं, पण मी मराठीत विचारलं की ती तमिळमध्ये उत्तर देतात.

"सांगितलं कां नही कधी?"

"पहिलं वर्ष कळत नव्हतं. दुसऱ्या वर्षी कळायला लागलं, तेव्हा मला त्या घरात काय म्हणतात ते कळलं. काळी. 'काळीस हाक मार,' 'काळीस भात दे.' मग कसं सांगू? त्यांस लाज वाटली असती. मलाही." तिने सुईत दोरा ओवला. "पुढे ते म्हणायचे थांबले. मामी थांबल्या. पण तोवर उशीर झाला होता. आणि आता सांगितलं तर माझ्यासमोर बोलायचे बंद होतील. मग मला काय कळणार?"

"पासवर्ड?"

"आमटीत मीठ नही." तिला हसू आलं. "किल्ली हातातच अहे सार. पण घरात कंप्यूटर कुठे अहे?"

मग ती हसायची थांबली. "तुम्ही त्यांस सांगू नका."

मी वर गेलो. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की माझ्या कामाच्या बाहेरचं आहे हे. माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही वाईट. कसं कळलं ते सांगितलं तर तिची एकमेव ढाल गेली. न सांगावं तर चोरीचा आळ तिच्या मुलीवर राहणार. मी तेवढंच सांगायचं ठरवलं जेवढं मी मोजलं होतं.

"मामा, नेटमधून काही गेलेलं नाही. दोनच मशीन, दोन्ही तुमची. मी सही करणार नाही."

"मग हवेतून कळलं तिला?"

"नेटमधून नाही, एवढं मी लिहून देतो."

मामा उठून उभे राहिले. देवापुढून मामीही आल्या. "तुझ्यासारखे डबेवाले गावात पन्नास अहेत. उद्या दुसरा आणतो, तो सही करील. परवा पोलीस येऊन त्या पोरीस विचारतील. ती हो म्हणेपर्यंत विचारतील."

"राव."

दारात सेल्वी उभी होती. माझ्या मागोमाग वर आली असणार. तिने मामांना याआधी कधी 'राव' म्हटलं नव्हतं, सारच म्हणायची. मराठीत म्हणाली, "पोरीचं नाव घेवू नका. तिनं काही वाचलं नही. मी ऐकलं. तुम्ही बोललात, मी ऐकलं. ऐकणं चोरी असतंय कां?"

मामांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मामी खाली बसल्या, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं त्या मागचं आठवत होत्या, एकेक वर्ष उलटं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं?"

"सगळं, मामी."

"मी पोरासाठी रडायची, ते?"

"तेही. म्हणून तर तेल घेवून यायची."

मी माझी पिशवी उचलली आणि निघालो. पैसे मागायची वेळ नव्हती, आणि कुणी दिलेही नाहीत.

कागद पोलिसांत गेला नाही. मामांना दया आली असं मी म्हणणार नाही. ते वकील होते. ज्या बाईने वीस वर्षं त्या घरातलं प्रत्येक वाक्य ऐकलं आहे तिला साक्षीदार म्हणून कोर्टात उभं करायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. नोटीस फाडली की कपाटात ठेवली, माहीत नाही. मुलगा परत आलाच नाही, बंगळूरहून आणखी लांब गेला. मामी कित्येक महिने सेल्वीशी बोलल्या नाहीत, गुडघे दुखत राहिले, तेल बाजारातल्या मुलीकडून चोळून घेत. मामांनी घरात इंग्रजी बोलायला सुरुवात केली. पण मामींना इंग्रजी निम्मंच कळायचं. आणि सेल्वीच्या मुलीला, नर्सिंग इंग्रजीतून झाल्यामुळे, सगळं.

मला त्या प्रकरणात अभिमान वाटावा असं फार काही नाही. मी तिथे तीन खेपा घातल्या, कार्ड बदललं, रीत बदलली, सव्वीस अक्षरं काढून वाक्य घातलं, आणि जे फुटलं होतं ते माझ्या डब्यात कधी नव्हतंच. त्यानंतर कुठल्याही घरात गेलो की मी आधी पाहतो, खोलीत कोण कोण आहे. माझी मुलं म्हणतात, अप्पा हल्ली बाजारात मराठी बोलत नाहीत. बायको म्हणते, हल्ली घरातही कमीच बोलतात.

मामा गेल्यावर दोनेक वर्षांनी मामींचा फोन आला. विजेचा दाब एकदम वाढला आणि डबा सगळं विसरला. मी गेलो. मामी दारातल्या खुर्चीत, गुडघ्यांना तेलाचा वास. मी टाचणी काढली, डबा कोरा केला, पक्की रीत लावली, नाव घातलं. मग विचारलं, "मामी, पासवर्ड नवा ठेवू?"

"जुनाच ठेव. खाली सेल्वीच्या पोरीच्या फोनात तोच अहे, पुन्हा तिला त्रास नक्को."

"जुना आठवतोय कां?"

मामींनी डोकं खाजवलं. मग खुर्चीतूनच जिन्याकडे मान वळवून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "सेल्वी! नेटचं काय ठेवलं होतं गे?"

शिवणयंत्र थांबलं. खालून तेवढ्याच मोठ्याने, आमच्या मराठीत उत्तर आलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस वाकून बघायला लागला.

मी दमलो होतो. ऐकलं तसं टाइप केलं.